आकृती आणि भार

व्हिडिओ गेममधील पात्रांची शरीरे वास्तव असावीत की आदर्श असावीत, याविषयी खेळणाऱ्यांच्या जगात बरीच वर्षे मोठ्या हिरिरीने वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो की, मुठीत मावणारी कंबर आणि कशालाच न जुमानणारे उरोज घेऊन तलवार चालवणाऱ्या या नायिका म्हणजे स्त्रीदेहाची विटंबना आहे. हाडामांसाची माणसे दाखवा. दुसरा पक्ष म्हणतो की, खेळ हा मुळात कल्पनेचा विलास. दिवसभर कचेरीत जी पोटे आणि जी टकले पाहायची तीच रात्री पडद्यावरही पाहायची असतील, तर खेळायचे तरी कशाला? ज्या वाचकाने असा एकही खेळ कधी हातात धरलेला नाही त्यालाही हा सूर ओळखीचा वाटेल. फडके-खांडेकरांच्या काळात कला आणि जीवन यांच्या नावाने आपल्याकडे जी लढाई झाली तिच्यात अशीच दोन शिबिरे होती. कला आणि जीवन ही दोन वेगळी गाठोडी आहेत असे तेव्हा दोघांनीही गृहीत धरले होते. इथे दोघांनीही गृहीत धरले आहे की, खेळातले शरीर ही पाहण्याची वस्तू आहे.

ती तशी आहे, पण अर्धीच. नाटकात नटाचे शरीर नटाचे असते. आपण अंधारात बसून ते पाहतो. तो धावला म्हणून आपल्याला धाप लागत नाही. कादंबरीतल्या नायिकेचे शरीर तर शब्दांनी नुसते सुचवलेले, आणि उरलेले वाचकाने आपापल्या कुवतीप्रमाणे पुरे केलेले. खेळातली गोष्ट निराळी. पडद्यावरचा देह माझ्या अंगठ्याच्या दाबाने हलतो. मी त्याला पाहत असतो आणि त्याच क्षणी वागवीतही असतो. म्हणून त्याला दोन अंगे येतात : डोळ्याला दिसणारी आकृती आणि हाताला जाणवणारा भार. त्या देहाला वळायला किती वेळ लागतो, उडी मारण्यापूर्वी किती धाव घ्यावी लागते, पडल्यावर काय मोडते, दम कधी संपतो, जखम किती काळ राहते, या सगळ्यातून जो एकत्रित प्रत्यय येतो त्याला मी भार म्हणतो. आकृती चित्रकार ठरवतो. भार खेळाचे नियम ठरवतात. वादात सारी चर्चा होते ती आकृतीची. माझ्या मते या शरीरांचे खरेखोटेपण ठरते ते भाराच्या ठिकाणी.

या कलेच्या बाळपणी आकृती जवळजवळ नव्हतीच. १९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी एक बुटका, गोलमटोल सुतार काढला. पुढे तोच मारिओ या नावाने जगभर गाजला. त्याला उभे-आडवे सोळा सोळा ठिपके एवढीच जागा होती. तेवढ्यात ओठ निघेनात म्हणून मिशी आली. केस निघेनात म्हणून टोपी आली. देहाऐवजी देहाची खूण काढली गेली. पण ही खूण हातात घेऊन पाहावी. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये हा गोल माणूस भरधाव धावत असताना उलट वळू गेला, तर आधी थोडा घसरतो आणि मगच वळतो. त्या घसरण्यात त्याचे सगळे वजन आहे. त्याला अवास्तव म्हणण्याचे आजवर कोणाच्या मनात आले नाही, याचे कारण मला तरी त्या घसरण्यातच दिसते.

लारा क्रॉफ्टचा खटला या दृष्टीने पुन्हा चालवून पाहण्यासारखा आहे. कारण आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी पहिल्यांदा तिलाच उभे केले जाते. १९९६ साली इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या मंडळींनी 'टूम रेडर' हा खेळ काढला. लाराची मूळ कल्पना टोबी गार्ड यांची. त्या वेळच्या यंत्रांच्या मगदुराप्रमाणे तिचे शरीर सपाट तुकडे जोडून केलेले होते. छाती म्हणजे पुढे आलेले टोकदार सुळके, कंबर म्हणजे असून नसल्यासारखी, मांड्या लांबच लांब. या आकृतीच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही नाही, आणि मी बोलणारही नाही. पण ज्याने तो खेळ खेळला आहे त्याच्या बोटांना विचारावे. त्या खेळातले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे होते आणि लाराची प्रत्येक हालचाल त्या ठोकळ्यांच्या मापात बसवलेली होती. दरी ओलांडायची तर आधी सावकाश पावले टाकीत कड्याच्या अगदी टोकाशी जायचे. तिथून एक उडी मागे घ्यायची. तेवढे अंतर म्हणजे बरोबर एका धावेचे अंतर. मग धाव घ्यायची आणि योग्य वेळी उडीचे बटण दाबायचे. दाबले तरी ती लगेच उडत नसे. चालू पाऊल पुरे करी, मग उडे. समोरची कड पकडायची तर हवेत असतानाच दुसरे बटण दाबून धरावे लागे. विसरलात, की ती किंचाळत खाली जाई आणि हाडांचा आवाज होई. पाण्याखाली तिचा श्वास मोजका. अंधाऱ्या थडग्यांत, एकटीने, कड्याच्या टोकाशी उभे राहून मनात अंतर मोजणे हाच त्या खेळाचा खरा रस होता. ती मोजणी लाराच्या देहाची होती, आणि काही तासांनी ती खेळणाऱ्याच्या देहात उतरत असे. दरी पाहताच 'एवढे जमेल' किंवा 'एवढे जमणार नाही' हे बुद्धीच्या आधी हाताला कळू लागे. इतक्या खोट्या आकृतीत इतका खरा भार मी दुसऱ्या खेळात क्वचित अनुभवला आहे.

यावर कोणी म्हणेल की, हा भार पाहणारे तुम्ही एकटेच. बाकीच्यांनी सुळकेच पाहिले. ते खरे आहे. जाहिरातदारांनी तिला थडग्यातून बाहेर काढून भिंतीवर टांगले. १९९७ साली लंडनच्या 'द फेस' या मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली; तिच्यासारखा पोशाख घालून मिरवण्यासाठी जिवंत तरुणी नेमल्या गेल्या. म्हणजे तिच्यातला भार काढून घेतला आणि आकृती तेवढी बाजारात फिरवली. (दलाल-मुळगावकरांनी सजवलेल्या मुखपृष्ठांवर लहानाचे मोठे झालेल्या दिवाळी अंकांच्या वाचकांनी याबाबत इंग्रजांना फार नावे ठेवू नयेत.) पण बाजाराने एखाद्या कृतीचे काय केले आणि त्या कृतीत मुळात काय होते, हे दोन प्रश्न टीकाकाराने एकाच दमात विचारू नयेत.

पुढे तो वाद वाढला, काळ बदलला, आणि २०१३ साली कॅलिफोर्नियातील क्रिस्टल डायनॅमिक्सने लारा नव्याने घडवली. आता ती एकवीस वर्षांची, प्रमाणशीर बांध्याची, पूर्ण पँट घातलेली, मातीने माखलेली मुलगी आहे. जहाज फुटून ती एका बेटावर येऊन पडते. आरंभीच्या काही मिनिटांतच एक गंजकी सळई तिच्या कुशीत घुसते आणि ती कळवळून ती उपसून काढते. थंडीने कुडकुडते, लंगडते, एका हाताने बरगड्या दाबून चालते. आकृतीच्या बाजूने पाहता एवढे वास्तव शरीर या मालिकेत पूर्वी झाले नव्हते, आणि समीक्षकांनी त्याचे जे स्वागत केले ते योग्यच होते. मात्र हाताला काय कळते? उडी चुकीच्या दिशेने मारली तरी हवेत तिला वळवता येते. कड समोर आली की बोटे आपोआप कड धरतात. गोळ्या लागल्या, तर एखाद्या भिंतीआड थोडा वेळ दबून बसावे. पडदा पुन्हा स्वच्छ होतो आणि शरीर पूर्ववत. पहिला माणूस मारताना ती कोसळते, रडते; तो प्रसंग अंगावर येतो. त्यानंतर थोड्याच वेळात ती माणसामागून माणसे बाणांनी टिपू लागते आणि तिच्या खांद्याला त्याचा पत्ताही नसतो. कुशीतल्या त्या जखमेची आठवण कथेला सोयीची असेल तेव्हाच येते. बांधा माणसाचा, पण सोसणे देवतेचे. जुन्या लाराची कंबर खोटी होती. नव्या लाराची जखम खोटी आहे. या दोन खोट्यांपैकी मोठे कोणते, हा प्रश्न वास्तववादाच्या कैवाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

'वास्तव' हा शब्द किती निसरडा आहे याची आणखी मोठी गंमत अलीकडच्या दोन खेळांत दिसते. २०२० साली नॉटी डॉग या अमेरिकन मंडळींचा 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. त्यातील अ‍ॅबी या तरुणीचे दंड, खांदे, पाठ पाहून अनेकांचे पित्त खवळले. बाईचे शरीर असे असूच शकत नाही, असा ओरडा झाला. तेव्हा दाखवून देण्यात आले की, हे शरीर कोलीन फॉच या व्यायामपटू स्त्रीच्या शरीरावरून घेतले आहे. म्हणजे ती अशक्य बाई चालतीबोलती आहे. पुढे २०२४ साली दक्षिण कोरियातील शिफ्ट अप या मंडळींचा 'स्टेलर ब्लेड' आला. त्यातील ईव्ह ही नायिका नाजूक, गुळगुळीत, अंगाला चिकटलेल्या पोशाखातली. या वेळी ओरडा विरुद्ध बाजूने झाला; बाईचे शरीर असे नसते म्हणून. आणि तिच्या कैवाऱ्यांनी काय उत्तर दिले? हे शरीर शिन जे-उन या मॉडेलच्या देहाचे माप यंत्राने घेऊन बनवले आहे. म्हणजे ही अशक्य बाईही चालतीबोलती आहे. दोन विरोधी पक्षांनी तोच आरोप केला आणि त्याच साक्षीने तो खोडला! जगात असे शरीर आहे, एवढ्यावरून कलेत काहीच सिद्ध होत नाही. जगात सगळ्याच तऱ्हेची शरीरे आहेत. हेच शरीर या कथेत, या कामाला का, हा खरा प्रश्न. आणि जिवंत माणसाची साक्ष काढली की तो नेमका टाळता येतो.

आपल्या शिल्पकारांना हा प्रश्न पडला नसावा, कारण त्यांनी तो आधीच सोडवला होता. मूर्तीचा देह तालमानाने ठरलेला, कोणा माणसावरून घेतलेला नव्हे. तरीही वेरूळच्या सोळाव्या लेण्यात कैलास हलवणारा रावण पाहावा. इतके हात कोणत्याही शरीरशास्त्रात बसणार नाहीत. पण वरचा पर्वत त्या खांद्यांवर आलेला आहे हे पाहणाऱ्याला आपल्या मानेत जाणवते. वर पार्वती दचकून शिवाला बिलगते, आणि शिव नुसता पाय दाबतो. आकृती पूर्णपणे कल्पित, आणि भाराविषयी कणभर शंका नाही. आदर्श देह खोटा असतो असे म्हणणाऱ्याने तिथे एकदा उभे राहून यावे.

अर्थात एक गाऱ्हाणे असे आहे की, जे या विवेचनाने मिटत नाही, आणि ते मिटवल्याचा आव मी आणणार नाही. ज्या मुलीला खेळामागून खेळात एकाच साच्याची स्त्री वागवायला मिळते, तिला आपल्या अंगाविषयी काहीतरी शिकवले जाते. जाड मुलाला त्याच्यासारखा देह सापडतो तो विदूषकाचा नाही तर खलनायकाच्या हस्तकाचा. हे गाऱ्हाणे खरे आहे. पण ते शेकडो खेळांविषयी मिळून केलेले आहे. त्याचा निवाडा एखाद्या नायिकेची कंबर चार बोटे रुंद करून होत नाही; तशी रुंदी देऊन निर्माते सुटतात तेवढे. जो देह खेळणाऱ्याला वागवायला द्यायचा, त्याचे सुख-दुःख, थकवा, डौल हे सगळे त्याच्या हाती द्यावे लागेल. ते काम चित्रकाराच्या खोलीत होणारे नाही.

ते करून पाहिले गेले आहे, वेगवेगळ्या यशाने. २००४च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'मध्ये कार्ल जॉन्सन नावाचा तरुण खेळणाऱ्याच्या हाती दिला आहे. त्याला बर्गर-पिझ्झा खाऊ घालत राहावे, तर त्याचे पोट सुटते आणि तो धावताना मंदावतो. रस्त्यावरचे लोक त्यावरून त्याला टोमणे मारतात. तालमीत नेऊन वजने उचलायला लावावे, तर दंड फुगतात. खायला घालायचे विसरावे, तर अंग झडत जाते. एका बैठकीत अतोनात चारले तर ओकतो. हे सगळे मोठे गमतीचे आहे, आणि बहुतेकांनी ते गंमत म्हणूनच केले. पण इथे शरीर म्हणजे जमाखर्चाची वही आहे. वही काटेकोर असली, तरी कार्लच्या दुःखाशी, त्याच्या मेलेल्या आईशी, तिचा काही संबंध नाही. देह कथेशेजारी नांदतो, कथेत येत नाही.

त्याच मंडळींनी चौदा वर्षांनी, २०१८ साली, 'रेड डेड रिडेम्प्शन'च्या दुसऱ्या भागात हीच वही पुन्हा उघडली आणि तिच्यातून साहित्य निर्माण केले. काळ १८९९चा. आर्थर मॉर्गन हा अमेरिकेतल्या एका दरोडेखोर टोळीतला धिप्पाड गडी. त्यालाही खाऊ घालावे लागते. नीट खाल्ले तर अंग भरते, हेळसांड केली तर हडकतो. खेळणारा कित्येक तास या देहाची मायेने निगा राखतो, हरीण मारून मांस भाजतो, दाढी कातरतो. टोळीच्या सावकारी वसुलीसाठी आर्थर एका खोकणाऱ्या कर्जदाराला बदडतो. त्याचे रक्त तोंडावर उडते. मग बऱ्याच दिवसांनी खोकला सुरू होतो, शहरातला डॉक्टर क्षयाचे नाव घेतो, आणि त्यानंतर कितीही खाऊ घातले तरी अंग धरत नाही. जे बटण इतके तास काम करीत होते ते आता करीत नाही. क्षयाने माणसे नेण्याच्या कथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. आपल्या कादंबऱ्यांतून किती नायिका त्या वाटेने गेल्या! पण जेवण वाढणाऱ्या हाताला आपले वाढणे वाया जात असल्याचे कळावे, हा अनुभव वाचून येणारा नाही. आर्थरचे शरीर आरंभी चांगलेच आदर्श होते. रुंद खांदे, निळे डोळे, सिनेमातला नायक. त्या आदर्शाचा उपयोग काय, तर तो झिजावा हा. सामान्य बांध्याचा आर्थर करून निर्मात्यांनी वास्तवाची पावती मिळवली असती, आणि ही झीज गमावली असती.

आकृती मोठी करून दाखवण्याची गरजच नसते, याचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही खेळ करून पोट भरणारी अनाथ मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघालेली. कॅमेरा तिच्यापासून बराच दूर ठेवलेला आहे. तिची कंबर, तिचा चेहरा न्याहाळायला खेळणाऱ्याला फारशी सवडच मिळत नाही. तिची ओळख पटते ती भिंतीवर दोन पावले धावत जाऊन उलटी फिरण्यातून, खांबाला धरून गरकन वळण्यातून. दोरीवरून चालणारी मुलगी ज्याने आपल्या गावात पाहिली आहे त्याला हे अंग ओळखता येईल. खेळाची लढाई पुढे पुढे एकसुरी होते आणि गोष्टही अर्धवट तुटल्यासारखी संपते. पण एका कसरतपटू मुलीचा देह त्यात बरोबर सापडला आहे.

आता पुन्हा अ‍ॅबीकडे. तिच्यावर जेवढा राग निघाला तेवढा या कलेच्या इतिहासात फार थोड्या पात्रांवर निघाला असेल. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. रागाचे एक कारण कथेतले होते : पहिल्या भागाचा नायक जोएल याला ती हालहाल करून मारते. पण हा राग ज्या भाषेत व्यक्त झाला ती भाषा तिच्या दंडांविषयीची होती, हे ध्यानात घ्यावे. जे दुःख सांगता येईना त्याला तिचे दंड सापडले.

हे दंड कुठून आले, हे मात्र कथेत स्वच्छ आहे. अ‍ॅबीचे वडील शल्यविशारद. जोएलने त्यांना मारले. त्यानंतर चार वर्षे तिने दुसरे काही केले नाही. सिअ‍ॅटलच्या एका क्रीडांगणात तळ ठोकून राहिलेल्या सैन्यात ती शिरली. तिथे अन्न आहे, तालीम आहे. शोक करायला जो वेळ लागतो तो तिने वजने उचलण्यात घातला. तिची पाठ म्हणजे साठलेला सूड आहे. हे शरीर सर्वसामान्य नाही. एका अर्थाने ते आदर्शच आहे, पण पाहणाऱ्याच्या आदर्शासाठी न घडवता तिने स्वतःच्या कामासाठी घडवलेले. आणि हे सगळे हाताला कळते. अर्धा खेळ एली या सडपातळ मुलीला वागवावे लागते. तिच्या खिशात चाकू असतो, ती सटकते, लपते. मग अचानक अ‍ॅबी हाती येते आणि बोटांना वेगळेच माणूस लागते. तिचा ठोसा उशिरा निघतो आणि जड बसतो. त्यात एक बारीक गोष्ट अशी ठेवली आहे की, एवढ्या बळकट बाईला उंचीची भीती आहे. उंचावरून खाली पाहिले की पडदा गरगरतो, तिचा श्वास ऐकू येतो. ज्या हातांनी ती माणसाची मान मोडते ते हात शिडीला घट्ट धरून बसतात. तिच्या विरोधकांनी चित्र पाहिले. ही भीती चित्रात दिसत नाही.

शेवटी सांता बार्बराच्या किनाऱ्यावर एली तिला शोधत येते. गुलामांचा धंदा करणाऱ्या टोळीने अ‍ॅबीला मधले काही महिने डांबून, उपाशी ठेवून, खांबाला बांधलेले आहे. वेणी कापलेली, खांदे गळालेले, दंड गेलेले. एली तिला ओळखते ती जरा वेळाने. दोर कापल्यावर अ‍ॅबी तिच्यावर चालून येत नाही. शेजारच्या खांबावरून लेव्ह या पोराला सोडवते, उचलून घेते आणि धुक्यातून नावेच्या दिशेने चालू लागते. ज्या देहावर एवढे रण माजले त्यातले आता काहीच उरलेले नाही. पोर मात्र ती उचलते. मग गुडघाभर पाण्यात एली तिला लढायला भाग पाडते. बटण खेळणाऱ्याच्या हातात असते. ते दाबल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, आणि प्रत्येक दाबाबरोबर त्या हाडकुळ्या अंगावर एक घाव बसतो.